अष्टमीचं पाणी

आमच्या हेडमास्तरांचा मला अजून राग येतो. माणूस दुष्ट असता तर राग कधीच निवला असता. पण माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसाशी धड भांडता येत नाही, हीच पंचाईत. ते पुण्याचे. मुंबईहून बोटीने रेवसला उतरले तेव्हा म्हणे ओकून ओकून अर्धमेले झाले होते, आणि तशाच अवस्थेत धक्क्यावर बसून त्यांनी आमचा सगळा किनारा सुधारायचं ठरवलं. मिठाचा सत्याग्रह होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तेव्हा जो तो कुणाला ना कुणाला सुधारत होता.

मी अलिबागच्या कोळीवाड्यातला. हायस्कुलात आमच्या वर्गात कोळ्याचा मी एकटा. माझा बाक शेवटचा, आणि प्यायचं पाणी वरून ओंजळीत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे, खोटं कशाला सांगू? लहानपणापासून तसंच बघितलेलं. वाईट वाटायला लागलं ते हेडमास्तरांनी ओंजळ बंद करून सगळ्यांना एकच पेला लावला तेव्हा. कारण त्या दिवसापासून वर्गातली निम्मी पोरं घरून तांब्या आणायला लागली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की तहान त्यांना मीच लावली.

मग तुकड्या निघाल्या. एका तुकडीत चार मुलं, चारी वेगळ्या जातींची, आणि त्यांतला एक नायक. पुढारी शाळेतच घडतो, आणि वेगवेगळ्या घरची मुलं एका कामाला जुंपली की आपोआप एक होतात, असं हेडमास्तरांचं म्हणणं. आमच्या तुकडीत एक पंचांग सांगणाऱ्या भटजींचा मुलगा. दुसरा मुसलमान, त्याच्या बापाचा मुंबईला जाणारा मचवा होता आणि त्यावर आमच्या वाड्यातले लोक खलाशी, माझा चुलताही. तिसरा शनवार तेल्याचा, म्हणजे बेने इस्रायल, आमच्या किनाऱ्यावरचे यहुदी. त्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी घाण्याचा बैलसुद्धा बसून असे. या तिसऱ्याशी माझी दोस्ती. त्याच्या आईने मला घरात बसवून जेवायला वाढलं होतं, पाटावर, त्यांच्याच ताटात.

हेडमास्तरांनी नायक केलं मला. म्हणाले, "जो सगळ्यांत मागे बसतो त्यालाच पुढे उभा करायचा." भटजींच्या मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो वर्गात पहिला, आवाज खणखणीत, संस्कृत तोंडपाठ. नायक मीच, असं तो घरी आधीच सांगून बसला होता.

माझं मात्र त्या नायकपणावर सगळं लटकलेलं होतं. बापाला होडीवर माणूस कमी पडत होता आणि त्या पावसाळ्यानंतर मला शाळेतून काढायचं त्याने पक्कं केलं होतं. मी संध्याकाळी येऊन सांगितलं, तीन पोरं माझ्या हाताखाली दिलीत, त्यांत एक भटजींचा. बाप जाळं विणायचा थांबला. "भटाचा पोर तुझा ऐकल?" मी म्हटलं, ऐकायलाच पाहिजे, तसा नियम आहे. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मंग शिक. नायक हायस तवर शिक, मॅट्रिक हो. ते गेला का होरीवर ये." बापाचा शब्द म्हणजे शब्द. नायकपण गेलं की शाळा गेली, इतका सरळ हिशेब होता.

आणि मला शिकायचं होतं. का, ते विचारू नका. मला भूमिती आवडत असे. आमच्या वाड्यात हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

दर रविवारी एका तुकडीने मास्तरांशिवाय समोरच्या पाण्यातल्या किल्ल्यात जायचं, किल्ल्याचा नकाशा काढायचा आणि परत यायचं. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. आमची पाळी आली त्या रविवारी अष्टमी होती. शनिवारीच मी हेडमास्तरांना सांगितलं, "सर, उद्या भांग आहे. पुढच्या रविवारी जातो."

आता भांग म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. वाळू अगदी कोरडी पडते. अष्टमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी धड भरत नाही आणि धड ओसरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर ऐन ओहोटीलाही गुडघाभर पाणी उभंच असतं, आणि पाणी वळलं की त्याला छातीपर्यंत यायला वेळ लागत नाही.

हेडमास्तरांनी भटजींच्या मुलाला बोलावलं. त्याने बोटांवर मोजून सांगितलं, "तिथीची पाऊणपट, सर. आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला, ओहोटी बाराला." हिशेब बिनचूक होता. हा हिशेब आम्हीही करतो. पण त्यातून वेळ कळते, पाणी किती ते कळत नाही, आणि ते त्याच्या पंचांगात छापलेलं नव्हतं. हेडमास्तर माझ्याकडे बघून हसले. "ओहोटी आहे ना? मग झालं. नायकाने भ्यायचं नसतं." मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण भित्रा ठरलो तर नायक कसा राहणार? 

गेलो. जाताना गुडघाभर पाण्यातून गेलो, आणि भटजींच्या मुलाने धोतर वर धरत मला ऐकवलं, "बघ, काय झालं?" किल्ल्यात पोचल्यावर त्याने तळ्यावर अंघोळ केली, गणपतीला गेला, मग आमच्यापासून लांब जाऊन फराळाची पुरचुंडी सोडली. खाणं आटोपून नकाशा काढायला बसला तो शांतपणे, पट्टी लावून, एकेक बुरूज. एक वाजायच्या सुमाराला मी म्हटलं, आता निघू. तो मान वर न करता म्हणाला, "भरती सहाला. तीनपर्यंत काही होत नाही."

मी हेडमास्तरांनी दिलेली शिट्टी वाजवली. शिट्टी झाली की उठायचं, असा नियम. कुणी उठलं नाही. मचव्यावाल्याच्या मुलाकडे बघितलं. त्याला पाणी माझ्याइतकंच कळत होतं, त्याचा जन्म बंदरावर गेलेला. तो चिंचोके उडवत बसला होता. म्हणाला, "नायक तू आहेस, तू बघ." ज्याच्या चुलत्याला आपला बाप खलाशी म्हणून पगार देतो, त्याच्या शिट्टीवर उठायचं, हे त्याला बुडण्यापेक्षा जड वाटलं असावं. तेल्याच्या मुलाला म्हटलं, तू तरी ऊठ. तो उठला, आणि दोघं बसलेले बघून पुन्हा बसला. एकट्याने निघून जावंसं मला फार वाटलं. पण नायकाने सगळ्यांच्या शेवटी निघायचं हाही नियमच होता, आणि नियम पाळणारा तिथे मी एकटाच होतो.

निघालो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दरवाज्यातून पाणी दिसल्यावर भटजींच्या मुलाचा चेहरा उतरला.  त्याला म्हटलं, धोतर सोड. तो बघतच राहिला. शेवटी मीच ते सोडलं. त्याचं धोतर आणि मचव्यावाल्याच्या मुलाची लुंगी यांची गाठ मारली आणि चौघांनी ते धरलं. पुढे मचव्यावाल्याचा मुलगा, मध्ये बाकीचे दोघं, मागे मी. मधल्या घळीत पाणी छातीच्या वर आलं. भटजींच्या मुलाचे पाय सुटले आणि तो मला बिलगला. नकाशा कधीच गेला होता. त्याला बगलेत धरून मी बाहेर काढला, आणि त्या घटकेला त्याला विटाळबिटाळ काही झाला नाही.

किनाऱ्यावर आमच्या वाड्यातल्या बायका मासळी सुकवत होत्या. भटजींचा मुलगा नुसत्या लंगोटीवर पाण्यातून बाहेर आला आणि त्या हसल्या. अगदी पोट धरून हसल्या. मीही हसलो. जीव वाचवला याबद्दल त्याने मला माफ केलं असतं, पण हसल्याबद्दल केलं नाही.

सोमवारी भटजी शाळेत आले. मागून तेली आले आणि मचव्यावालेही आले. या तिघांना एका ओटीवर मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या मुलांनी घरी सांगितलं होतं की नायक खडकाला चिकटलेली कालवं काढत बसला, हाका मारल्या तरी आला नाही, म्हणून उशीर झाला. हेडमास्तरांनी तिघांना एकेकटं बोलावून विचारलं. तिघांनी तेच सांगितलं, शब्दसुद्धा तेच. एका पेल्याने पाणी न पिणारी पोरं एका रात्रीत एकजीव झाली होती. हेडमास्तरांची योजना एवढी यशस्वी कधी झालीच नाही. तेल्याचा मुलगा बाहेर आला तेव्हा मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो माझ्या बाजूने निघून गेला, मान खाली घालून. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाकीच्या दोघांनी खोटं बोलावं याचं मला नवल नव्हतं. पण याच्या तर ताटात मी जेवलो होतो.

हेडमास्तरांनी मला आत बोलावून दार लावलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. शनिवारी मी काय म्हणालो आणि ते काय म्हणाले, हे ते विसरले नव्हते, म्हणूनच माझ्याकडे न बघता बोलत होते. "कालवांचं मी मानत नाही," ते म्हणाले. "पण हे पालक वर अर्ज करणार. तुकड्या बंद होतील. पेलासुद्धा जाईल. कुणीतरी मोठं मन दाखवलं पाहिजे." त्यांनी कागद पुढे केला, त्यांच्याच अक्षरातला. दोन ओळी होत्या. पाण्याच्या वेळेचा माझा अंदाज चुकला, त्यामुळे सोबत्यांना त्रास झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

"अंदाज काय, कुणाचाही चुकतो," ते म्हणाले. "यावर सही कर, तूच नायक राहशील. नाही केलीस तर मला दुसरा नेमावा लागेल."

पुण्याच्या माणसाला त्या दोन ओळी हलक्या वाटल्या यात त्यांचा दोष नाही. कालवं काढली असं लिहिलं असतं तर मी आनंदाने सही केली असती. आळशी म्हटलं असतं, उनाड म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण कोळ्याने आपल्या हाताने लिहून द्यायचं की मला पाणी कळलं नाही? आमच्यात असं मेलेला माणूससुद्धा कबूल करणार नाही. हे त्यांना सांगायला माझ्याजवळ शब्द नव्हते आणि त्यांना ते कळलंही नसतं. मी मॅट्रिकचा विचार केला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी तो कागद सगळ्या शाळेपुढे वाचला. चूक अंगावर घेतो तोच खरा पुढारी, असं बरंच काही बोलले. टाळ्या झाल्या. भटजींच्या मुलाने पुढे येऊन माझा हात हातात घेतला, आणि त्या दिवसापासून शिट्टीवर सगळ्यांच्या आधी उठायला लागला. कुत्र्याला भाकरी टाकावी तसं ते उठणं होतं. तेल्याचा मुलगा दोनदा बोलायला आला. दोन्ही वेळा मी त्याला हाकललं, आणि पुढे आयुष्यभर त्याच्याशी बोललो नाही. तो मेला तेव्हाही गेलो नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

कागदाची गोष्ट कोळीवाड्यात पोचायला चार दिवस लागले. बाजारात कुणीतरी आईला हसत विचारलं, तुमच्या पोराला म्हणे पानी कलत न्हाय. संध्याकाळी बापाने मला होडीजवळ बोलावलं.

"कागदावर सही तू केलीस?"

"व्हय."

"तुला पानी कलला नव्हता?"

मी सहा वर्षांचा असताना त्याने मला कमरेला धरून पाण्यात उभं केलं होतं आणि पाणी वळतं ते पायांना कसं लागतं ते शिकवलं होतं. मला कळलं होतं म्हणालो असतो तर तो उभ्या पावली शाळेत गेला असता आणि तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर फाडून आला असता. मग नायकपण गेलं असतं, शाळा गेली असती. मी त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "न्हाय."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. होडीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "मंग तू शिकच. होरीवर पाय नको ठेवू. तिथं चार मानसांचा जीव असतो."

मी मॅट्रिक झालो, आमच्या वाड्यातला पहिला. त्या वर्षी नारळी पुनवेला आमची होडी पाण्यात लोटायची होती. घरातले सगळे पुरुष तिला खांदा द्यायला उभे राहिले, माझा आठ वर्षांचा भाऊसुद्धा. मी पुढे झालो. बापाने माझ्या हातात पूजेचं ताट दिलं आणि मला मागे, बायकांच्या रांगेत उभं राहायला सांगितलं.