परत सांगा

आमच्या मैदानावरच्या मॅडमनी आयुष्यभर लोकांना नापास केलं. ही मी निंदा करत नाही, तो त्यांचा पेशाच होता. गाडी चालवायचा परवाना देणाऱ्या कचेरीत त्या एकतीस वर्षं परीक्षक होत्या. मांडीवर कागद घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसायच्या, आणि गाडी फेरी मारून फाटकाशी आली की एक तर सही करायच्या, नाहीतर म्हणायच्या, "महिन्याने या." स्वतःच्या सख्ख्या दिराला त्यांनी तीनदा महिन्याने बोलावलं. जाऊबाईंनी वर्षभर अबोला धरला. मॅडमचं म्हणणं एवढंच, की अबोला परवडला, अपघात नको.

निवृत्त झाल्यावर त्या सार्वजनिक मैदानावर पिकलबॉल खेळायला येऊ लागल्या आणि आमची सगळ्यांची मजा संपली, असं निदान तेव्हा मला वाटलं. मैदानाच्या कोपऱ्यात एक जुनं टेनिसचं कोर्ट होतं, त्यावर नव्या रेघा मारून पिकलबॉलची दोन कोर्टं केलेली. टेबल-टेनिसच्या बॅटचा थोरला भाऊ शोभेल असं पॅडल, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू आणि कमरेएवढं नेट. सकाळी साडेसहाला जो येईल तो खेळतो. कुंपणाला टेकवलेल्या फळीवर आपलं पॅडल ठेवायचं. ज्याचं पॅडल पुढे त्याचा नंबर आधी. आमच्या बेकरीवाल्याने एकदा गप्पा मारता मारता स्वतःचं पॅडल दोन घरं पुढे सरकवलं. मॅडमनी ते उचलून पार शेवटी नेऊन ठेवलं. बेकरीवाला सहा फूट उंच, पहाटे तीनला उठून दोनशे पाव भाजणारा माणूस, पण त्या दिवशी शाळकरी पोरासारखा मान खाली घालून बसला.

माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पाय किचनमध्ये आहे." नेटजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात, आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. मी म्हटलं, मॅडम, घरच्या किचनमध्ये पाऊल टाकत नाही म्हणून बायको ओरडते, इथल्या किचनमध्ये टाकलं म्हणून तुम्ही ओरडता, मी जायचं कुठे? सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, पॉइंट आमचा.

सगळ्यांत जास्त त्या अडून बसायच्या त्या स्कोअरवर. डबल्समध्ये सर्व्हिस करण्याआधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे असतात: आपले पॉइंट, समोरच्यांचे पॉइंट, आणि आपल्या जोडीतला आपण पहिला सर्व्हिस करणारा की दुसरा. चार-सहा-एक, असं. आम्ही पुटपुटायचो, अर्धं गिळायचो. मॅडम चेंडू हातात धरून थांबायच्या. ऐकू आलं नाही, परत सांगा. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

आता माझ्याविषयी थोडं. मी पडद्यांच्या दुकानात सेल्समन. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, आणि मी तर चांगलं कापड विकत होतो. सत्तावीस वर्षं तोंडाचा पट्टा चालू होता. नुसतं विकणं नव्हे, लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या आणि मापं दुकानातल्या शिंप्याला फोनवरून सांगायची, हेही माझंच काम. रुंदी, उंची, दुमड. आमचा शिंपी माझ्या आकड्यावर डोळे मिटून कात्री चालवायचा.

मग एका सकाळी दाढी करताना मी बायकोकडे टॉवेल मागितला आणि माझ्या तोंडून "खुर्ची" निघालं. परत मागितला, परत खुर्ची. तिला आधी वाटलं मी चेष्टा करतोय, कारण मी नेहमीच चेष्टा करतो. मग तिने माझा चेहरा पाहिला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती, वेळेवर आणलंत. हातपाय वाचले. शब्द मात्र सगळे आपापली जागा सोडून पळाले होते. मला सगळं कळत होतं. पाच आहेत हे मला ठाऊक असायचं, आणि तोंडातून नऊ यायचे. नऊ ऐकताच कळायचं की चुकलं, मग दुरुस्त करायला जावं तर बारा. जिभेला हाड नसतं हे ऐकून होतो. माझीला आता मालकही राहिला नव्हता.

चार महिन्यांनी दुकानात गेलो. मालक भला माणूस. त्याने मला एक खिडकी मोजायला पाठवलं. मी चार फूट मोजली, सात सांगितली. पडदा शिवून लागला तेव्हा त्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, एवढा घोळ माझ्या लग्नातल्या झग्यालाही नव्हता. मालक रागावला नाही. त्याने मला मागच्या खोलीत कापडाच्या घड्या घालायला बसवलं, आणि म्हणाला की अजून तीन महिने वाट बघतो, मग मापाला दुसरा माणूस घ्यावाच लागेल. घड्या घालताना तोंड लागत नाही. मला तेच खुपत होतं.

डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हटलं, म्हणून मैदानावर गेलो. मॅडम तेव्हा दीड महिना मुलीकडे गेल्या होत्या. बाकीच्यांनी मला असं सांभाळलं की विचारू नका. माझी सर्व्हिस आली की बेकरीवाला माझ्या वतीने स्कोअर सांगायचा. मी कधी स्वतः प्रयत्न केला तर जे येईल ते सगळे मान्य करायचे. एकदा आमचे पाच होते आणि मी "नऊ" म्हणालो. कुणी हूं की चूं केलं नाही. नऊवरून खेळ पुढे चालला, गेम अकराला संपतो, म्हणजे दोन पॉइंटांत आम्ही जिंकलो, आणि समोरची डेंटिस्ट मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, काका, मस्त. आठ जणांपैकी एकालाही स्कोअर माहीत नव्हता असं होणं शक्य नाही. घरी येऊन मी पॅडल कपाटाच्या डोक्यावर टाकलं. बायकोने विचारलं काय झालं. सांगायला शब्द असते तर गेलोच असतो की परत.

बारा दिवसांनी दाराची बेल वाजली. मॅडम. चहा नको म्हणाल्या, बसल्याही नाहीत. उंबऱ्यावरूनच त्यांनी बायकोला सांगितलं की यांचं पॅडल फळीवर दिसत नाही, उद्या साडेसहाला यांना पाठवा. बायको मला वाचवायला गेली, की अहो, त्यांना अजून आकडे नीट येत नाहीत. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "येत नाहीत म्हणूनच या म्हणतेय."

गेलो. त्या मुद्दाम समोरच्या बाजूला उभ्या राहिल्या. माझी सर्व्हिस आली. आमचे दोन, त्यांचे तीन, मी पहिला. मी म्हणालो, "सहा-तीन-एक."

"चुकीचं. परत सांगा."

बेकरीवाल्याने तोंड उघडलं. मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, सर्व्हिस त्यांची, स्कोअर त्यांचा. मी परत सांगितला, परत चुकला. बाहेर फळीपाशी चौघं ताटकळत होती. डेंटिस्ट मुलगी मॅडमची जोडीदार होती, ती हळूच म्हणाली, जाऊ दे ना मॅडम, काका म्हणतील तो धरू. तेव्हा मॅडम वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"ते म्हणतील तो स्कोअर धरायचा, तर ते खेळतायत कशाला? त्यांना काय इथे हवा खायला बोलावलंय?"

पाचव्या खेपेला "दोन" आला. मला एवढा राग आला होता की सर्व्हिस थेट कुंपणाबाहेर गेली. घरी येताना डोळे भरून आले, आणि वाटेतल्या पायऱ्यांवर बसून मी त्या बाईला जमतील तेवढ्या शिव्या दिल्या. गंमत अशी, की शिव्या बिनचूक आल्या.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. का गेलो? राग होता म्हणून. घड्या घालताना मला कुणी रागवतसुद्धा नव्हतं. आठ आठवडे हे असं चाललं. मॅडम थांबायच्या, चेंडू थांबायचा, मैदान थांबायचं. कुरकुर व्हायची, एक गृहस्थ तर वैतागून दुसऱ्या कोर्टाच्या रांगेत गेले ते कायमचेच. मॅडमनी कधी शाबासकी दिली नाही. आकडा बरोबर आला की नुसत्या गुडघे वाकवून परतीच्या फटक्याला तयार व्हायच्या. त्यांचं ते वाकणं बघायला मी रात्री झोपेतही आकडे जुळवत होतो. पाच खेपांच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. वाक्यं मात्र अजून येत नव्हती. घरात बायको माझं वाक्य अर्ध्यावरून उचलून पुरं करायची, बाहेर मी मान हलवायचो.

मालकाने दिलेल्या मुदतीला आठवडा राहिला असताना तो गेम झाला. गेमची पहिली सर्व्हिस माझी होती. चुरस चांगली लागली. आठ-आठवर माझी सर्व्हिस होती, मॅडमचा फटका नेटमध्ये गेला, आमचा पॉइंट झाला. मी बाजू बदलून डावीकडे आलो आणि म्हणालो, "नऊ-आठ-दोन."

"आठ-आठ-दोन," मॅडम म्हणाल्या. "परत सांगा."

परत चुकलो? मनात मोजलं. नऊच होते. मी पुन्हा नऊ म्हणालो. त्या म्हणाल्या, "परत." बेकरीवाल्याकडे पाहिलं, तो बुटाची नाडी बांधत होता. डेंटिस्ट मुलगी आकाशात बघत होती. फळीपाशी चौघं आपापली पॅडलं न्याहाळत होती. मॅडमना कोण चुकलात म्हणणार? आणि तेही माझ्या बाजूने, ज्याचे पाच म्हणजे नऊ होतात त्याच्या?

मग काय झालं मला सांगता येणार नाही. मी चेंडू खिशात टाकला.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "गेम मी… मी सुरू केला. उजवीकडून. प्रत्येक पॉइंटला आम्ही… बाजू बदलतो. मी उजवीकडे असलो तर आकडा सम. आता मी डावीकडे आहे. डावीकडे… आठ कसे असतील? नऊ. तुमचा बॉल नेटमध्ये गेला. तुम्ही चुकताय."

मध्ये मध्ये अडलो. "उजवीकडे"ला तर दोनदा ठेच लागली. पण कुणी माझं वाक्य उचललं नाही, आणि ते शेवटपर्यंत गेलं. आजारानंतर मी एवढं सलग कधी बोललो नव्हतो. मॅडमनी माझ्या पायांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. करा सर्व्हिस."

मी सर्व्हिस नेटमध्ये मारली. तो गेम आम्ही हरलो, नऊ-अकरा. एखादा गेम हरून एवढा आनंद झालेला माणूस त्या मैदानाने पाहिला नसेल.

त्या आठवड्यात मालकाने मला दुकानाचीच काचेची खिडकी मोजायला लावली, तीनदा, आणि तिन्ही वेळा टेप स्वतः तपासली. चौथ्या दिवशी मी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी पाच खिडक्या मोजून शिंप्याला फोन केला. सावकाश सांगितल्या, प्रत्येक दोनदा. पडदे बरोबर बसले. आजही मी पूर्वीसारखा भराभर बोलत नाही. बायको म्हणते, त्या गुठळीने हा एक उपकार केला.

मॅडमना मात्र मला एक विचारायचं होतं. दोन महिने मनात घोळत होतं. मला खात्रीच होती की त्या दिवशी त्या मुद्दाम चुकल्या. मला बोलतं करायला. एवढी चोख बाई, नेटमध्ये गेलेला स्वतःचा चेंडू विसरेल? एका सकाळी सगळे गेल्यावर, त्या बूट बदलत असताना, मी धीर करून म्हटलंच, की त्या दिवशी तुम्ही मुद्दाम आठ म्हणालात ना, त्याचे आभार मानायचे राहिले.

त्यांना राग आला. खराखुरा. बूट हातात तसाच राहिला.

"मी? मुद्दाम? एकतीस वर्षांत मी कुणाला दया म्हणून पास केलं नाही, ते तुम्हाला करेन? त्या दिवशी गुडघा ठणकत होता, लक्ष नव्हतं. मी साफ चुकले होते." मग त्यांनी बूट खाली ठेवला. "तिथे तुम्ही धरून सातजण उभे होते. सगळ्यांना स्कोअर माहीत होता. बोललात तुम्ही एकटे."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि एक शब्द सुचला नाही. या वेळी त्यात आजाराचा काही दोष नव्हता.