चार इंच ऊन

आमच्या इमारतीत मास्तर एकच, आणि तो मान माझा नाही. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून मी झाले नुसती 'चौथ्या मजल्यावरच्या बाई', आणि खाली तिसऱ्यावर कपडे शिवणारा माणूस मात्र अख्ख्या गल्लीचा मास्तर! याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू.

गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात मोजकेच शब्द, असा हा माणूस. बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे. त्या खिडकीपाशी बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि माप द्यायला आलेल्याची फिरकी घ्यायच्या. "पोट आत कशाला ओढताय? घरी गेल्यावर सोडणारच ना!" तो आवाज वर माझ्या गॅलरीत यायचा आणि मी एकटीच हसायचे.

पावसाळा संपता संपता वहिनी घसरून पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चालवा यांना. पण वहिनी उठेनात. पलंग खिडकीशीच होता, पण समोर यंदाच नवी उंच इमारत झाली होती; थंडीत तिची सावली चढत आली आणि त्यांची खिडकी पार झाकून गेली. "ऊन पलंगावर आलं की उठेन," एवढंच त्या म्हणायच्या. चेष्टा नाही, मस्करी नाही. मला तर घर सुनं वाटायचं, आणि ते घर माझंही नव्हतं.

त्यांची लेक दुसऱ्या गावी असते. ती म्हणत होती, आईला मी नेते, माझ्याकडे भरपूर ऊन आहे. पण मशीन आणि गिऱ्हाइकं सोडून मास्तरांनी जायचं कसं? चाळीस वर्षांत ही दोघं एक रात्र वेगळी राहिलेली नाहीत. हॉस्पिटलातही मास्तर बाकावर झोपले होते.

वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला. त्या दुपारी बरोबर बाराला मास्तर माझ्या दारात.

"बाई, गॅलरीतून टेप सोडू का?"

सावली तेव्हा माझ्या कठड्याला टेकलेली. ती नऊ फूट खाली उतरली की ऊन वहिनींच्या पलंगावर. मास्तरांनी वाकून सावलीच्या कडेला भिंतीवर खडूची रेघ मारली. दहा दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा मोजलं आणि आकडा टिपून गेले.

दोनच दिवसांनी लेकीचा फोन. "मावशी, बाबा म्हणतात आईला घेऊन जा. असं कसं एकदम? मला सुट्टी पाच आठवड्यांनी मिळतेय, तीही एकाच दिवसाची."

मी तरातरा खाली गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. मास्तर कापायच्या टेबलाशी, समोर खाकी कागद, त्यावर आकडे.

"दहा दिवसांत चार इंच," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे नऊ फुटांना नऊ महिने. तोवर ही झुरून जाईल हो. तिकडे निदान ऊन तरी मिळेल तिला."

"अहो मास्तर, ह्या काय पडद्याच्या चुण्या आहेत, सगळ्या सारख्या घालायला? झोपाळा टोकाला जाऊन परत फिरतो तेव्हा कसा क्षणभर थांबल्यासारखा वाटतो? आणि मधे आला की सुसाट. तसंच हे. आपली पृथ्वी कलती राहून सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्य वर्षभर वर-खाली झोके घेताना दिसतो. आत्ता तो टोकाला आहे. थोडा दम धरा, बघा कसा चढतो."

"कलती आहे, मग पडत नाही?"

"पडायला खाली जागा कुठाय? पण तिचा कल वेडावाकडा होऊ नये म्हणून चंद्र तिला सांभाळून धरतो."

"जुनं जोडपं आहे म्हणा," मास्तर म्हणाले.

"तो चंद्र तुमच्याकडे येतोही. थंडीतल्या पुनवेचा चंद्र उन्हाळ्यातल्या सूर्यासारखा उंचावरून जातो, त्याला समोरची इमारत आडवी येत नाही."

"चंद्रानं हाडं शेकत नाहीत, बाई," पलंगावरून आवाज आला. वहिनी जाग्याच होत्या. "आणि मला पाठवायचं ठरलं, तेही ऐकलंय मी."

मास्तरांनी मान खाली घातली. मी वर आले.

माझ्या झोपाळ्यावर मास्तरांचा पुरता विश्वास बसला नसावा, लेकीला त्यांनी 'येऊ नको' म्हटलं नाही; पण मग रोज बाराला टेप आणि खडूची नवी रेघ. रेघांमधलं अंतर वाढत गेलं, आणि पाचव्या आठवड्यात जे आधी दहा दिवसांत व्हायचं ते एका दिवसात होऊ लागलं. रोज चार इंच!

आणि लेक आली त्या दुपारी मास्तरांनी गोधडीवर टेप उभी धरली. टेपचा वरचा भाग उन्हात चकाकत होता, खालचे चार इंच सावलीत.

"उद्या येईल," मी म्हणाले.

"मावशी, टॅक्सी खाली उभी आहे." लेकीचे डोळे भरले होते.

मास्तर टेपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या कुंड्यांखालच्या विटा केवढ्या आहेत?"

"असतील चारेक इंचांच्या. का?"

"विजार आखूड झाली तर आपण काय करतो? दुमड उसवतो."

टॅक्सीवाल्याला वर बोलावलं. एकीकडून तो, दुसरीकडून लेक, असा वहिनींसकट पलंग उचलला आणि मी व मास्तरांनी चारही पायांखाली विटा सरकवल्या. "अहो, तिरडी बांधताय की काय!" वहिनी ओरडल्या. किती महिन्यांनी ओरडल्या! आणि ऊन त्यांच्या पावलांवर पडलं.

त्या बघत राहिल्या. "ही लबाडी आहे."

"आहे," मास्तर म्हणाले. "तू जाऊ नकोस."

वहिनींनी पाय खाली सोडले. इतके दिवस तो पलंग बुटका होता, उठताना सगळा भार खुब्यावर यायचा, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आता पावलं अलगद जमिनीला टेकली. मास्तरांचा खांदा धरून त्या उभ्या राहिल्या, एका बाजूला कलून, थरथरत. मास्तरांनी त्यांच्या कमरेला हात दिला.

"पोट आत ओढू नका," त्या त्यांना म्हणाल्या.

लेक डोळे पुसत टॅक्सीवाल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही जा."