स्वर कोरणारे : गिदोन पाटोळे

गिदोन पाटोळे नगरच्या एका छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावर चर्चच्या गीतांचे स्वर कोरायचा. इंग्रजी स्वरलिपीच्या पाच रेघा, त्यांवर भरीव नि पोकळ ठिपके, आणि सगळं उलटं, तेव्हा कुठं कागदावर सुलटं उमटायचं.

बायको मार्था होती तोवर तो कच्चा छाप घरी आणी. ती चुलीपाशी बसून गाऊन बघे आणि अडखळली की म्हणे, "इथं काहीतरी चुकलंय तुमचं." ती गेली. मूलबाळ नव्हतं. मग गिदोन एकटाच भिंतीकडं तोंड करून गुणगुणे, पण स्वतःच्या चुका स्वतःला सापडायच्या नाहीत. एकेक पान तो पुन्हा पुन्हा तपासत बसे.

बाहत्तरच्या दुष्काळात नवं गीतपुस्तक निघालं. पहिल्या पानावर गीतं निवडणाऱ्या कमिटीची नावं होती, देणगीदारांची होती, छापखान्याचंही होतं.

"गिदोनभाऊ, तुमचं कुठंय?" ऑर्गन वाजवणाऱ्या एलिझाबेथबाईंनी विचारलं.

"मी काय, नुसता कोरणारा," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आठवडाभरानं तो कमिटीच्या सचिवांकडं गेला.

"देवाच्या कामाला नाव कशाला, गिदोन?"

"तुमचं हाय ना, साहेब," गिदोन हळूच म्हणाला.

पुढं एलिझाबेथबाईंनी हा विषय सोडला नाही, आणि दुसऱ्या आवृत्तीत एक बारीक ओळ आली : स्वर कोरणारे, गिदोन पाटोळे.

ती ओळ त्यानं एकट्यानं किती वेळा वाचावी? रविवारी पुस्तक घेऊन एसटीनं तो कोल्हारला थोरल्या भावाकडं, यशयाकडं गेला.

यशयानं नावावर बोट ठेवलं. "ही गानी तू रचली व्हय?"

"न्हाई. रचली दुसऱ्यांनी. मी कोरली."

"मंजी गातोस?"

"न्हाई, दादा."

यशयाला काही उमगलं नाही, पण भावाचं नाव छापून आलं म्हणून त्याचे डोळे भरले. त्यानं पुस्तक धुवट फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत बायबलाशेजारी ठेवलं. "खराब व्हायला नको," म्हणाला.

एखादं पान उघडून दाखवावं, असं गिदोनच्या फार मनात होतं. पण पेटीला कुलूप लागलं होतं. वहिनीनं वाढलेली भाकरी त्यानं खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं तो नगरला परतला.