एकोणिसावा भाग

माझ्या क्लासमधल्या मुलींनी मला त्या जपानी मालिकेचा नाद लावला. मी तिला कार्टून म्हटलं की त्यांना राग यायचा. मॅडम, ॲनिमे म्हणा, असं मलाच शिकवायच्या. लातूरला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी मी जीवशास्त्र शिकवते. मूत्रपिंड हा धडा वर्षातून चार बॅचना शिकवायचा आणि मंगळवारी-शुक्रवारी पहिली एसटी धरून नांदेडला मायच्या डायलिसिसला जाऊन बसायचं, असं माझं वर्ष चाललं होतं. वाटेत अहमदपूर येईपर्यंत झोपायचं, लोहा आलं की तोंडावरून ओला हात फिरवायचा.

माय दादा-वहिनीकडे नांदेडजवळ विष्णुपुरीला राहायची. दोघंही नोकरीवर जाणारी, म्हणून हे दोन दिवस माझे. मशीनवर चार तास हात हलवायचा नाही, आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईला एका जागी चार तास पडून राहा म्हटल्यावर ती काय करणार? नर्सला शिव्या देणार. एकदा तर तिनं मशीनलाच विचारलं, किती गरगर फिरून राहिलीस, थकत न्हाईस का? म्हणून मी मोबाईल सलाईनच्या स्टँडला रुमालानं बांधला आणि ती मालिका लावली.

गोष्ट अशी. एका गावची नदी आटते. तिथली एक नावाडी पोरगी आणि जादू जाणणारी एक म्हातारी अशा दोघी नदीचा उगम शोधायला पायी निघतात. वाटेत राक्षस भेटतात, बोलणारे डोंगर भेटतात, दगड झालेलं एक आख्खं शहर भेटतं. पन्नास भाग. खाली इंग्रजीत अक्षरं यायची, ती मी वाचायचे आणि आमच्या बोलीत सांगायचे. त्यामुळं राक्षसांचा राजासुद्धा कंधारकडच्या माणसासारखाच बोलायचा. शेजारच्या खाटेवर एक आजोबा असायचे. त्यांची सून हातातलं विणकाम ठेवून कान देऊन ऐकायची.

मायला त्यातलं चांगलं-वाईट माझ्यापेक्षा लवकर कळलं. दोघी चालतात ते तिला फार आवडायचं. पोरीच्या टाचेला फोड येतो आणि म्हातारी त्यावर पाला बांधते, त्यावर माय म्हणाली, हे चित्र काढणारा मानूस सोता पायी चाललेला हाय. चूल पेटवणं, भात शिजणं, पावसात आडोशाला दोघींनी एक घोंगडी पांघरणं, हे सगळं त्या लोकांनी घाई न करता दाखवलं होतं. पाणी तर इतकं जिवंत काढलं होतं की मायला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं ते आठवून ती तोंड फिरवायची. मग थोड्या वेळानं म्हणायची, गेलं का पाणी? अन् न्हाई म्हटलं तरी परत बघायची.

मारामारी मात्र तिला पटायची नाही. एकेक लढाई तीन-तीन भाग चालायची आणि दोघं तलवारी उगारून भाषणं द्यायचे. एवढं बोलतेत तर मारतेत कवा, असं ती विचारायची. प्रत्येक राक्षसाला मरायच्या आधी आपलं बालपण आठवायचं, त्याचाही तिला लई वैताग. आमच्या गावात आधी काठी अन् मंग पंचायत, म्हणायची. बर्फात त्या पोरीला गुडघ्यावरचा झगा घातला होता, तेव्हा तर माय भडकलीच. शिवणाऱ्याला लाज न्हाई का, ह्या म्हातारीला बघा कसं धड नेसवलंय. आजोबांची सून तोंडाला पदर लावून हसायची. मीही हसायचे. तेवढे चार तास ती आजारी नसायची आणि मी दमलेली नसायचे.

एका बैठकीला दोन भाग, त्यापुढं मायचे डोळे मिटायचे. असे अठरा भाग झाले, आणि कंधारला माझी मावशी गेली.

मावशी म्हणजे मायची थोरली बहीण. माय तिला अक्का म्हणायची. रोज संध्याकाळी मायच्या साध्या मोबाईलवर अक्काचा फोन यायचा आणि दोघी काय जेवलीस, कोण आलं होतं, एवढंच अर्धा तास बोलायच्या. सकाळी चहा पिऊन उठताना ती पडली ती उठलीच नाही. दादानं मला लातूरला फोन केला आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला, मायला सांगायचं न्हाई. बीपी चढलं तर मशीनवर घेता येणार न्हाई तिला.

आमच्याकडं ही रीतच आहे. आजारी माणसाला मरण सांगत नाहीत. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात. दहावं होतं, तेरावं होतं, आणि ते माणूस खाटेवरून विचारत असतं की अमक्याची तब्येत बरी हाय ना. घरातली माणसं हाव म्हणतात आणि मोरीत जाऊन तोंड धुतात. मी जीवशास्त्र शिकवणारी, शहाणी, मीही हाव म्हणाले. उगाच दादावर ढकलत नाही. मी लातूरहून परस्पर कंधारला जाऊन मावशीला बघून आले आणि दुसऱ्या दिवशी मायजवळ बसून, काल दिवसभर पेपर तपासत होते म्हणून सांगितलं.

अक्काचा फोन का येईना? आधी आम्ही सांगितलं, फोन पाण्यात पडला. मग सांगितलं, बायकांच्या गाडीतून माहूरला गेली, देवीला. मग तिथून परस्पर लेकीकडं पुण्याला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. आमच्या खोट्याला तर रोज नवं खोटं जोडावं लागत होतं. वहिनीनं एक सांगावं, मी दुसरं सांगावं, आणि मायनं दोघींकडं आळीपाळीनं बघावं.

आता मालिकेचं सांगते. मी ती आधी एकदा बघितली होती. मला ठाऊक होतं की एकोणिसाव्या भागात म्हातारी मरते. लढाईत नाही. झाडाला टेकून बसते, पोरगी ओढ्यावरून पाणी घेऊन येईपर्यंत गेलेली असते. आणि विसाव्या भागात राक्षस नाही, जादू नाही, बोलणंसुद्धा नाही. पोरगी सवयीनं दोघींचा भात टाकते, दोन थाळ्यांत वाढते, मग लक्षात येतं तेव्हा दोन्ही थाळ्यांतलं एकटीच खाते. आख्ख्या मालिकेत खरी ताकद कशात असेल तर त्या दोन भागांत. माझ्या मुलींना वर्गात रडताना मी त्या भागांमुळंच पाहिलं होतं.

मावशी जाऊन तीन दिवस झाले होते. मी मायला ते दोन्ही भाग दाखवले नाहीत. सरळ एकविसावा लावला.

पोरगी एकटी डोंगर चढत होती. मायनं विचारलं, म्हातारी कुठंय? मी म्हणाले, तिचे पाय दुखायले, ती मागं एका गडावर राहिली, देवीच्या देवळात.

माय म्हणाली, "तीबी माहूरलाच का?"

मी हसले. देवाशपथ, मी हसले. मला वाटलं तिनं नेहमीसारखी टवाळी केली. आजोबांची सून मात्र हसली नाही, तिनं विणकामात मान घातली.

त्यानंतर मायनं अक्काच्या फोनबद्दल विचारणं बंद केलं. मला आणि दादाला हायसं वाटलं. पण दर वेळी मालिका लावली की पहिला प्रश्न तोच असायचा, म्हातारी येणार हाय का? मी म्हणायचे, येईल. ती म्हणायची, बरं. आणि माझ्याकडं बघत राहायची, पडद्याकडं नाही. मला ते बघणं नको व्हायचं, म्हणून मी भराभरा वाचायला लागायचे. मधे एका शुक्रवारी क्लासची सराव परीक्षा आली. वहिनी तिला दवाखान्यात सोडून कामाला गेली, चार तास ती माझ्याशिवाय होती.

पुढं मालिका घसरतच गेली. तेच राक्षस, तीच भाषणं. पन्नासाव्या भागात पोरगी उगमाशी पोचते आणि त्या जादूच्या पाण्यातून म्हातारी हसत-हसत बाहेर येते. जिवंत. माझ्या मुलींना हा शेवट मुळीच आवडला नव्हता. एक म्हणाली होती, मॅडम, त्यांना धीर झाला नाही. पहिल्यांदा बघताना मीही चिडले होते. पण मायजवळ बसून बघताना मला त्या कार्टूनवाल्यांचे पाय धरावेसे वाटले. माझं खोटं त्यांनी खरं करून दाखवलं होतं. मी म्हणाले, बघ माय, आली का न्हाई म्हातारी?

मायच्या ओठांना कोरड पडली होती. मी कापसानं ओठ ओले केले. ती म्हणाली, "इथं चुकलं त्यांचं. गेलेलं मानूस असं येत नसतंय. त्या पोरीला रडू द्यायला पायजे होतं कुनीतरी."

त्या वेळी सांगायला हवं होतं. ती एवढी शांत पडली होती, बीपी नर्सनं नुकतंच बघितलं होतं, चांगलं होतं. शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी काय म्हणाले? म्हणाले, दुसरी मालिका लावू का, हिच्यापेक्षा भारी हाय. ती म्हणाली, लाव.

दुसरीचे चारच भाग झाले. एका रविवारी सकाळी मी लातूरला परीक्षा घेत होते, मुली गोल काळे करत होत्या, आणि दादाचा फोन आला. या वेळी कुणापासून काही लपवायचं नव्हतं, म्हणून तो नुसता रडत होता.

तेराव्यानंतर आजोबांची सून आम्हाला भेटायला विष्णुपुरीला आली. चहा घेतला, मायच्या फोटोला हात जोडले, आणि जाता-जाता मला ओसरीत थांबवलं. ताई, राग मानू नका, म्हणाली, त्यांनी मला शपथ घातली होती, आता त्याच न्हाईत म्हणून सांगते.

तुम्ही परीक्षेमुळं आला नव्हता त्या शुक्रवारी, ती सांगू लागली, त्यांनी माझा मोबाईल मागितला. म्हणाल्या, अठराच्या पुढं एकवीस आलं होतं, मधलं लाव. भागांचे आकडे मायला वाचता येतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माय दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. अक्षरं विसरली होती, पण आकडे तिला येत होते. आयुष्यभर एसटीची तिकिटं आणि औषधाच्या चिठ्ठ्या तिनं आकड्यांवरूनच ओळखल्या होत्या. तिनं एकोणीस बघितला, मग वीस बघितला. वाचून सांगायला मी नव्हते, आणि त्या भागांत वाचायला फारसं काही नव्हतंही. पोरीनं दोन थाळ्या वाढल्या तेव्हा माय म्हणाली, माझी अक्का गेली.

सून म्हणाली, मी म्हटलं, तुमच्या पोरीला फोन लावून देऊ का? तर न्हाई म्हणाल्या. रडल्यासुद्धा न्हाईत.

मी विचारलं, का?

ती पायरीवर टेकली. "म्हणाल्या, लेकरू एकटंच सांभाळून राहिलंय. तिनं आपल्या तोंडानं सांगितलं की मंग दोघी मिळून रडू. दर मंगळवारी-शुक्रवारी तुम्ही यायच्या आधी म्हणायच्या, आज सांगंल बग माझी पोरगी."

त्या शुक्रवारनंतर मी मायजवळ आठ मंगळवार आणि आठ शुक्रवार बसले होते. सोळाही दिवस मी तिला गोष्ट वाचून दाखवली.