दसऱ्याच्या दिवशीचा बसपास

तुम्ही मुलं तिकडे परदेशात फोन यंत्राला टेकवून ट्राममध्ये चढता, ते मी व्हिडिओत पाहिलं. माझा पास पुठ्ठ्याचा होता. एका कोपऱ्यात फोटो, त्यावर कॉलेजचा अर्धा शिक्का. गोव्यातलं आमचं लाटंबार्से ते म्हापसा, डिचोलीवरून. बस लाकडी बांध्याची, पुढे नाक काढलेली. खिडक्यांना काचा नव्हत्या, पाऊस आला की कॅनव्हासचे पडदे सोडायचे. आमच्याकडचे म्हातारे तिला कारेर म्हणत.

आमच्याकडे दसऱ्याआधी सरस्वती मांडतात. पुस्तकं, वह्या, पेन सगळं पूजेत जातं आणि विसर्जनापर्यंत त्याला हात लावायचा नसतो. त्या वर्षी मी पासही ठेवला. तो मला कॉलेजात नेतो, मग त्याचा मान नको?

माझी टायपिंगची परीक्षा म्हापशाला होती. ओळख पटवायला फोटो असलेला तेवढा एकच कागद माझ्याकडे होता. आदल्या दिवशी विसर्जन होईल, असा मी कॅलेंडर पाहून हिशेब केला होता. पण पंचांगात नवमी दोन दिवस आली आणि दसरा नेमका परीक्षेच्या दिवशी पडला. भटजी दहाला येणार, बस सातची.

आई म्हणाली, "हात लावायचा नाही. मांडताना पंचांग बघायचं होतंस. इंग्रजी शिकलीस ना एवढं?"

मी साडी नेसून अंगणात रडत उभी. परीक्षा हुकली असती तर सहा महिने गेले असते, शिवाय नोकरीचं बोलणं झालं होतं, तेही.

बस आली. मी चढेना, म्हणून कंडक्टर उतरून दारात आला. तो सावंतवाडीकडचा, आईला वयनी म्हणायचा. त्याला सगळं सांगितलं.

"वयनी, गाडयेची पूजा सकाळीच केलंय. हार घातलंय, नारळ फोडलंय. म्हणान काय ती उभी ठेवलंय?"

आईने झेंडू लावलेल्या बसकडे पाहिलं. आतून दहा-बारा तोंडं आमच्याकडे बघत होती.

"गाडीचं वेगळं," ती म्हणाली.

"वेगळा कसा? गाडयेत बसाक पास लागता मां?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आई आत गेली, हात जोडले, फक्त पासावर अक्षता टाकल्या आणि तो बोटभर सरकवला. झालं त्याचं विसर्जन. "बाकीच्याला भटजी," असं बजावून तिने तो माझ्या हातात दिला.

म्हापशाला परीक्षकांनी पासावरचं पूजेचं कुंकू नखाने खरवडून माझा चेहरा शोधला आणि मशीनकडे बोट दाखवलं.

महिन्याभराने मी पहिल्या वर्गात आल्याचं कळलं, ते मी आधी कंडक्टरला सांगितलं. घरी जाताना त्याने प्रत्येक थांब्यावर खाली उतरून, स्वतःची मुलगी असल्यासारखं, ते चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांनाही सांगितलं. गाडी त्या दिवशी फार उशिरा पोचली. कोणी कुरकुरलं नाही.