अण्णांच्या सत्काराची तारीख

आमच्या वकील संघात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते नोटीस बोर्डावरून येतात. मी संघाची सहसचिव. शिबिर, सहल, सत्कार, जे काही असेल त्याची नोटीस लिहून बोर्डावर डकवायची आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, हे माझं काम. दोन ओळींची नोटीस लावावी आणि आठ दिवसांत तिच्यामागे दोन पानांचा किस्सा तयार व्हावा, असं गेली तीन वर्षं चाललंय. बाकीची माणसं नोटीस वाचतात. आमची माणसं तिला उत्तर देतात.

* * *

पहिल्याच महिन्यात मी एक साधी नोटीस लावली होती. "कॅन्टीनमध्ये काळा कोट सापडला आहे. ओळख पटवून घेऊन जावा."

दुपारपर्यंत नऊ जण आले. मी प्रत्येकाला खूण विचारली. एक म्हणाला, आतल्या खिशात पेन गळून डाग पडलाय. दुसरा म्हणाला, कोपरावर घासून चमक आलीय. तिसरा म्हणाला, वरचं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय. सगळ्या खुणा जुळत होत्या, कारण आमच्यात प्रत्येकाच्याच कोटाला त्या असतात.

शेवटी अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. वकिलीला पन्नास वर्षं होत आलेली, आवाज अजून खणखणीत, आणि खरं नाव फक्त वकीलपत्रावर वाचायला मिळतं. त्यांनी टेबलावरचा कोट उचलला, अंगात घातला, तिन्ही बटणं लावली आणि म्हणाले, "ताबा माझ्याकडे आहे. ज्याला मालकी सांगायची असेल त्याने दावा लावावा."

कोट अजून त्यांच्याच अंगावर आहे.

* * *

मग रक्तदान शिबिर झालं. सकाळी दहाची वेळ, खाटा मांडलेल्या, नर्स तयार. अकरा वाजले तरी एकही माणूस आडवा झाला नव्हता. सगळे संमतीचा फॉर्म वाचत बसले होते!

एकाने सहीच्या वर लिहिलं, "माझे सर्व हक्क अबाधित ठेवून." दुसऱ्याला फॉर्मची इंग्रजी आणि मराठी प्रत यांत फरक आढळला, तेव्हा त्याने कोणती ग्राह्य धरायची ते विचारलं. तिसऱ्याने 'स्वखुशीने' या शब्दाला हरकत घेतली, कारण त्याला बायकोने पाठवलं होतं. डॉक्टर मुलगी नवी होती. ती बिचारी कंटाळून म्हणाली, "सर, एवढं वाचू नका हो, नुसती सही करा."

अण्णा खुर्चीवरून उठले, तिच्यापाशी गेले आणि अगदी बापाच्या मायेने म्हणाले, "बाळ, हे वाक्य या इमारतीत बोलायचं नसतं. याच वाक्यावर आमची घरं चालतात."

* * *

दिंडोरीला द्राक्षबागेत सहल नेली, ती चूक सर्वस्वी माझी. बस निघताना मी यादी घेऊन एकेक नाव पुकारलं आणि प्रत्येक नावाला "हजर" असं उत्तर आलं. बेचाळीसपैकी बेचाळीस. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बागेत जेवणाची पंगत बसली, तर पानं एकतीस. अकरा माणसं गेली कुठे? मग हळूहळू उलगडा झाला. कोर्टात शेजाऱ्याचं काम पुकारलं आणि तो जागेवर नसला, की आपण उठून सांगायचं, "साहेब, येताहेत, जरा मागे ठेवा." इतक्या वर्षांची सवय. बसमध्येही सगळ्यांनी एकमेकांची वेळ निभावून नेली. ते अकरा जण त्या वेळी नाशिकमध्ये आपापल्या घरी, बस कशी आली नाही म्हणून मला फोन लावत होते आणि बागेत रेंज नव्हती.

* * *

आता सत्काराचं सांगते. आमच्याकडे सत्कार ही भलती धोक्याची गोष्ट आहे.

देवळाली कॅम्पचे एक ज्येष्ठ वकील होते, म्हणजे आहेत अजून. मागच्या वर्षी त्यांचा आम्ही सत्कार केला. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसबाहेर पक्षकारांची रांग. त्यांना वाटलं, अभिनंदनाला आलेत. एकेक जण आत येई, पेढा देई, वाकून नमस्कार करी आणि म्हणे, "साहेब, आता आराम करा. आमची फाइल तेवढी द्या."

संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं आणि टेबलावर अडीच किलो पेढे. अण्णा त्यांना भेटून आले आणि बाररूममध्ये एवढंच म्हणाले, "शाल आली की फाइल जाते." आम्ही हसलो. ते हसले नाहीत, हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

* * *

त्यामुळे अण्णांच्या पन्नास वर्षांच्या सत्काराची नोटीस मी लावली, तेव्हा तासाभरात त्यांचा अर्ज आला. रीतसर, टाइप केलेला. "सत्कारमूर्तींना तयारीसाठी मुदत मिळावी."

अध्यक्षांनी कौतुकाने मुदत दिली. पुढच्या महिन्यात दुसरा अर्ज. "सत्कारमूर्तींचे वकील अन्य न्यायालयात गुंतलेले असल्याने हजर राहू शकत नाहीत." सत्कारमूर्तींचे वकील म्हणजे खुद्द अण्णा. तिसरा अर्ज असा, की सिंहस्थासाठी पंचवटीतले रस्ते खोदल्यामुळे घरातून निघता येत नाही. त्या दिवशी ते त्याच रस्त्याने कोर्टात येऊन, दोन कामं करून, मिसळ खाऊन गेले होते.

चौथ्या वेळी त्यांनी कायद्याचा मुद्दा काढला. सन्मानपत्राची प्रत मिळालेली नाही, प्रत मिळाल्याशिवाय म्हणणं देता येत नाही. मी प्रत दिली. आठ दिवसांनी लेखी म्हणणं आलं. ते मी जपून ठेवलंय, त्यातलं जसंच्या तसं देते.

"परिच्छेद एकमधील 'कायद्याचे गाढे अभ्यासक' हा मजकूर खोटा असून तो सत्कारमूर्तींस मान्य व कबूल नाही. परिच्छेद दोनमधील 'मनमिळाऊ स्वभाव' याबाबत सत्कारमूर्तींस काही माहिती नाही, सबब तो शाबित करण्याची जबाबदारी संघावर आहे. परिच्छेद तीनमधील 'कुशाग्र बुद्धिमत्ता' एवढाच मजकूर बरोबर आहे. शेवटच्या परिच्छेदातील 'यापुढे विश्रांतीचे क्षण लाभोत' या मजकुरास सत्कारमूर्तींची सक्त हरकत आहे."

सगळ्या बाररूमने ते मोठ्याने वाचलं. मी मात्र शेवटच्या वाक्यापाशी थांबले आणि अण्णांकडे गेले.

* * *

अण्णा त्यांच्या टेबलाशी एकटेच बसले होते. टेबलावर एकच फाइल.

"अण्णा, खरं सांगा. का टाळताय?"

त्यांनी फाइलवर हात ठेवला. "एवढी एकच राहिलीय, मीनल. बाकीच्या दिल्या मी आपणहून. गुडघे चालत नाहीत आता. पण ही शेवटाला न्यायचीय."

ती फाइल कलाबाईंची होती. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती. मळ्यात जायची वहिवाट शेजाऱ्याने अडवली, म्हणून अठरा वर्षांपूर्वी दावा लावलेला. अण्णांनी तेव्हाच मनाईहुकूम मिळवला, म्हणून रस्ता आजवर खुला आहे, पण निकाल व्हायचाय. आता फक्त युक्तिवाद उरला होता. कलाबाईंचा जावई सारखा सांगायचा, वकील म्हातारा झाला, बदला. कलाबाई ऐकत नव्हत्या.

"पेपरात फोटो आला की जावई तिला दाखवणार," अण्णा म्हणाले. "ती मला काढून टाकायला म्हणून यायची नाही. मला आराम मिळावा म्हणून फाइल मागेल. मग मी काय बोलू?"

मला फार वाईट वाटलं. मी अध्यक्षांकडे जाऊन सांगितलं, राहू द्या हा सत्कार. पण अध्यक्ष वकील आहेत. चार तारखा झाल्यावर त्यांचाही हट्ट पेटला होता. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त न्यायाधीश ठरले होते, हॉल ठरला होता. अध्यक्षांनी मला नोटीस सांगितली आणि मी जड हाताने लिहिली. "ही शेवटची संधी आहे. सत्कारमूर्ती गैरहजर राहिल्यास सत्कार एकतर्फी चालविण्यात येईल."

पेपरात फोटो द्यायचा नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

* * *

एकतर्फी म्हटल्यावर अण्णा येणारच. पन्नास वर्षांत एकही काम त्यांनी एकतर्फी होऊ दिलेलं नाही. आले, सर्वांत पुढे बसले, चेहरा असा की शिक्षा ऐकायला आलेत.

न्यायाधीश साहेबांनी शाल घातली, हार घातला. हार मात्र देखणा होता, शेवंतीचा, गुडघ्यापर्यंत येणारा. पंचवटीतल्या फूलवाल्याला मीच फोनवर सांगितलं होतं. त्याने तो कुणाकडून करून घेतला, ते मी विचारलं नव्हतं.

अण्णा बोलायला उठले. "अध्यक्ष महाशय," एवढंच म्हणाले. त्यांची नजर मागच्या दाराकडे होती. मी वळून पाहिलं तर दारात कलाबाई. हातात रिकामी पाटी. हार पोचवायला त्या स्वतः आल्या होत्या आणि कुणाच्या गळ्यात पडतोय ते बघायला थांबल्या होत्या.

"साहेब," त्या तिथूनच म्हणाल्या, "ह्ये कसलं चाललंय? सुटले का काय तुमी कामातून? आन मला नाय सांगितलं?"

हॉलमधले दीडशे वकील वळून दाराकडे बघू लागले. ही सगळी माझीच करणी.

अण्णांनी माइक बाजूला केला. हारासकट ते न्यायाधीश साहेबांकडे वळले, कोट सारखा केला आणि कोर्टात वाकतात तसे किंचित वाकले.

"साहेब, या कामी पुढील तारीख मिळावी."

साहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तोंडातून आपोआप आलं, "कारण?"

"पक्षकार समक्ष हजर आहे. तिच्या कामाचा युक्तिवाद बाकी आहे. तोवर माझा सत्कार करता येणार नाही."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि समोरच्या सन्मानपत्रावर, अध्यक्षांच्या सहीच्या खाली, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "अर्ज मंजूर."

कलाबाई खुर्च्यांमधून वाट काढत थेट स्टेजवर आल्या. पाटी खाली ठेवली.

"म्हंजी आज नाय व्हत?"

"नाही," अण्णा म्हणाले. "तारीख पडली."

"मंग हार द्या इकडं."

अण्णांनी लगेच मान खाली केली. कलाबाईंनी हार दोन्ही हातांनी उचलून काढला आणि घडी घालून पाटीत ठेवला.

"वाळून जाईल उगाच," त्या म्हणाल्या. "ह्यो बाजारात लावते. फुडच्या तारखेला ताजा आणीन."