मुसळ्यांचं मुसळ

देगलूरजवळच्या आमच्या गावात दसऱ्याला लोक विळे-कोयते पुजतात, ट्रॅक्टर पुजतात. आम्ही मुसळे मुसळ पुजतो. तळाला लोखंडी कडं असलेलं, लाल फडक्यात गुंडाळलेलं. बायकांनी त्याला हात लावायचा नाही. अण्णांच्या खापरपणजोबाने, रेवणसिद्धाने, निजामाच्या काळात त्याच मुसळाने दरोडेखोरांची डोकी फोडली आणि घराण्याला मुसळे नाव पडलं, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील, मृत्युंजय मुसळे. छत्तीस वर्षं पोस्टमन. गावाला विचारा, देवमाणूस म्हणतील. गावाचं काय जातंय म्हणायला!

मी सात वर्षांची होते. उंदरांनी कुरतडलेलं फडकं बदलायला आईने ते मुसळ उचललं. अण्णांनी ते हिसकावलं आणि तिच्या उजव्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली पडली तर वरून लाथा घातल्या. हाड वाकडं जुळलं. आजही तिची ती मूठ वळत नाही.

अण्णांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र रेवणसिद्धाच्या मागे हात धुऊन लागले. नांदेडला खेटे घातले, मोडी कागद वाचून घेतले. मला त्यांची तगमग कळत होती. रेवणसिद्ध शूर ठरला तरच आईचं मनगट कुळाचाराच्या नावावर खपणार होतं. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो.

यंदा दसऱ्याच्या दिवशीच हेळवी दारात आले. पूर्वी बैलावर यायचे, आता मोटारसायकलवर. घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या मात्र त्याच. दरवेळी नावं वाचतात, ज्वारी-लुगडं घेतात, जातात. अण्णांनी हट्टच धरला.

"नुसती नावं नको. जुनी वही काढा. रेवणसिद्धाचं समदं वाचा."

"ते पान तुमच्या आजोबानंच वाचू नका म्हनलेत, सावकार. ऱ्हाऊ द्या."

"वाचा म्हनून राहिलो ना."

हेळव्यांनी वाचलं. दरोडेखोर आले तेव्हा रेवणसिद्ध धान्याच्या पेवात उतरून लपला. त्याची बायको साखराबाई वर ज्वारी कांडत होती. एकाने तिचे केस धरले. तिने मुसळाने त्याचं टाळकं फोडलं, दुसऱ्याचा जबडा फोडला. बाकीचे पळाले. मग रेवणसिद्ध वर आला. परक्यांनी बायकोच्या अंगाला हात लावला म्हणून त्याने भावकीसमोर तिला त्याच मुसळाने ठेचून मारलं. अकरा घाव, वहीत आकडा आहे. पुन्हा घरातल्या बाईने मुसळ उचलायचं नाही, हा नियम त्यानेच घातला. लोक मात्र साखराबाईवरून घराला मुसळे म्हणू लागले.

हेळव्यांनी वही मिटली. अण्णा जोत्यावरून उठले. मग देवघरात गेले, मुसळ घेऊन आईसमोर आले.

"आजपासून तू पूज, महानंदा," ते म्हणाले. "घे, उचल."

आईने मुसळाकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे.

"कोण्या हातानं उचलू?" ती म्हणाली आणि चुलीवरच्या भाकरीकडे वळली.